त्याच्या वाटणीची ओंजळ

हिंगोलीच्या बसस्टँडबाहेर, पाणपोईवर, देविदास आडेच्या ओंजळीत पाणी थांबेना. म्हटलं तर गोष्ट एवढीच. मे महिन्यातली दुपार, औरंगाबादपासूनचा सहा तासांचा प्रवास अंगात मुरलेला, घशाला कोरड, आणि पाणपोईच्या रांजणाला नुसती साखळीच उरलेली. पेला कोणीतरी घरी नेला होता. रांजणामागे बसलेला म्हातारा, ज्याला सगळे फकीरचाचा म्हणत होते, तांब्याने येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतत होता. पुढचे पाचसहा जण वाकले, गटागटा प्याले, ओला हात तोंडावरून फिरवून चालते झाले. देविदासने बॅग गुडघ्यांत दाबून धरली, हात पुढे केले, चाचाने पाणी ओतलं, आणि ते तोंडाशी पोचेपर्यंत तळहात रिकामे. बूट मात्र भिजले. "हात बराबर पकडो ना मियाँ," चाचा म्हणाला, "सब पानी नीचे जा रा." पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. देविदासने बोटांकडे नीट पाहिलं. दिसायला ती घट्ट जुळलेली होती. पण डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांतून पाणी मुकाट्याने खाली चाललं होतं. तिसऱ्या खेपेला मागचा माणूस म्हणाला, "साहेबाला गिलासाची सवय हाय," आणि रांग हसली. हसण्यासारखं होतंच. तांड्यात जन्मलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या गड्याला ओंजळीने पाणी पिता येऊ नये! देविदासही हसला, शेजारच्या दुकानातून त्याने सीलबंद बाटली घेतली, आणि ती थेट तोंडाला लावली. बोटांना ही विद्या कधी आली ते त्याला ठाऊक होतं. साल २००१, ऑक्टोबर, दिवस बुधवार, वेळ साडेअकराच्या सुमाराची. साडेपाच वर्षं ती बोटं गप्प होती. त्यांनी नेमकी आजच वेळ साधावी, तांडा तासा-दीड तासावर आल्यावर, याला काय म्हणायचं ते त्याला कळेना.

सेनगावच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. बॅग मांडीवर, बॅगेत एक पाकीट, पाकिटात एकच कागद. तोही झेरॉक्स. ऑफिसातले सगळे जेवायला गेले असताना जुन्या फायलींच्या कपाटातून काढून, प्रत काढून, मूळ कागद जिथल्या तिथे ठेवून आणलेला. चार दिवसांपूर्वी प्रेमदासचा फोन आला होता. प्रेमदास म्हणजे वसरामकाकाचा थोरला. "दादा, बाच्या अंगात रगत बनून न्हाई राहिलं," तो म्हणाला होता. "नांदेडचा डाक्तर इचारून राहिला, का बा यानं कशात काम केलं, कोणत्या औषधाच्या, पावडरीच्या संगतीत व्हता का. मी म्हनलं, गोदामाच्या मागं माती काढाया व्हता. तर डाक्तर म्हने, त्या मातीत काय व्हतं ते लिहून आना, मंग पुढचं बघू. तुला तर ठावं असंल ना दादा? तूच तर समदं लिहून घेत व्हतास." देविदास 'हो' म्हणाला होता. 'येतो' म्हणाला होता. फोन ठेवल्यावर शिलाने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं, काय झालं. आणि तो म्हणाला होता, काही नाही, काकाला बरं नाही. बस आता कयाधूचा पूल ओलांडत होती. नदीत पाणी नव्हतं, वाळू होती, आणि वाळू उपसणारे. कागदावर खाली तारीख होती, मार्च २००२. डॉक्टर तारीख वाचणार नाही, तो वरचे आकडे वाचेल. प्रेमदास मात्र वाचेल. प्रेमदास बारावीपर्यंत शिकलेला आहे, आणि तारीख वाचायला चौथी पुरते. पाच वर्षं हा कागद कुठे होता, दादा? या प्रश्नाला तो औरंगाबादपासून उत्तर शोधत होता आणि जालन्याजवळ एक, जिंतूरजवळ दुसरं अशी दोन उत्तरं त्याला सापडलीही होती. हिंगोलीत उतरेपर्यंत दोन्ही नासली.

पाकिटाखाली त्याच बॅगेत त्याचं नवं ओळखपत्र होतं. गेल्याच महिन्यात कंपनीने त्याला सुरक्षा अधिकारी केलं होतं. शेत खाल्लेल्या कुंपणालाच राखणदार केलं म्हणा ना. कंपनी पुण्याची, त्याचं ऑफिस औरंगाबादला; बिघडलेल्या जमिनी आणि बिघडलेलं पाणी तपासून अहवाल देणं हा तिचा धंदा. देविदास बीएस्सी होऊन तिथे आधी हंगामी लागला, मग कायम झाला, आणि कायम झाला तो ज्या कामामुळे, ते काम साखऱ्याजवळच्या त्याच्याच तांड्याच्या शिवेवरचं. हे शब्द त्याने आजवर मनातसुद्धा एका ओळीत मांडले नव्हते. आता बसच्या धक्क्याबरोबर ते आपोआप मांडले गेले आणि तो बाटलीतलं पाणी पुन्हा प्याला. गरम झालं होतं.

वसरामकाका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा देविदास दुसरीत होता. दर सोमवारी सकाळी काका त्याला आश्रमशाळेत पोचवायला निघे, खांद्यावर पोरगं आणि पोराच्या हातात भाकरीचं फडकं. आणि वाटेत जी जी विहीर लागे तिच्यात वाकून तो एक खडा टाके आणि कान देऊन उभा राही. विहिरी खणणं हे त्याचं काम. सेनगाव तालुक्यातल्या तीसएक विहिरींच्या तळाला त्याचे पाय लागलेले. खडा टाकल्यावर किती वेळाने आवाज येतो त्यावरून तो पाणी सांगे आणि चव घेऊन दगड सांगे. हे मुरमाचं पाणी, हे काळ्या खडकाचं, हे बसून राहिलेलं, हे चालतं. "पानी जिभंला खोटं बोलत न्हाई," असं तो म्हणे. देविदास बीएस्सीला रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात आला तेव्हा काकाने सगळ्या तांड्यात गूळ वाटला होता आणि विचारलं होतं, आता तुझी जीभ आमच्यापेक्षा हुशार झाली का रे? पुढेपुढे शहरात राहून देविदासची गोरमाटी, तांड्याची बंजारा बोली, गंजली; घरचं बोलणं ओठांवर यायला वेळ लागायचा, म्हणून काका त्याच्याशी मराठीत बोलायला लागला. न सांगता, न कुरकुरता. देविदासला त्या वेळी त्याची सोयच वाटली होती.

गोदाम तांड्यापासून अर्ध्या कोसावर. एके काळी तिथे फवारणीच्या औषधाची पोती असत, पांढऱ्या पावडरीची. धंदा बंद पडला, पोत्यांची मुदत संपली, आणि कोणा शहाण्याने मागच्या बाजूला खड्डा करून ती सगळी पुरली. पुरलं की संपलं. पुढे गोदामामागच्या शेतात दोन बैल दगावले, ओरड झाली, अर्जविनंत्या झाल्या, आणि पुण्याच्या कंपनीकडे तपासणीचं काम आलं. साहेबांनी नकाशा पसरून विचारलं, तिकडे कामाला माणसं कुठून मिळतील? देविदासने छाती फुगवून सांगितलं, माझ्या घरची आहेत, सर. बारा माणसं त्याने आणली. त्यात पहिला वसरामकाका. त्या माणसांनी गिरमिटाने जमिनीत भोकं पाडायची, वर आलेली माती पसरायची, तिच्यातून देविदासने बाटल्या भरायच्या. पांढरे झगे, मुखवटे, गमबूट आणि हातमोजे यांची एक मोठी पेटी पुण्याहून आली होती. झगे सहा. ते पहिल्या दिवशी फोटोपुरते घातले गेले; फोटोत वसरामकाका असा हसतोय की जणू लग्नाला निघालाय. मग साहेब म्हणाले, पुढच्या साइटला हेच लागणार आहेत, फाटता कामा नयेत, आणि पेटी बंद झाली. हातमोजे मात्र रोज लागत. दर नमुन्याला नवा जोड, कारण एका भोकातली माती दुसऱ्या भोकातल्या मातीला लागता कामा नये, आणि माणसाच्या हाताचा घाम तर मुळीच लागता कामा नये. ते मोजे एकट्या देविदासच्या हातात. मातीला माणूस लागू नये एवढी त्या साइटवर काळजी होती. माणसाला माती लागण्याबद्दल रजिस्टर होतं. बाटल्या बर्फाच्या खोक्यात निजत आणि बारा माणसांचं पाणी उन्हात, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. दुपारी माणसं त्याच मातीच्या ढिगाला टेकून भाकरी आणि ठेचा खात, आणि काका बोटाने तंबाखू मळे, तीच बोटं, काळी मऊ माती नखांत गेलेली. हे देविदासला दिसत होतं. दिसणं आणि बघणं यांत अंतर असतं आणि नोकरी त्याच अंतरात राहते, हे त्याला पुढे कळलं.

रोज सकाळी त्याला एक फॉर्म वाचून दाखवावा लागे. सुरक्षेच्या अकरा सूचना, खाली बारा अंगठे. सूचना इंग्रजीत होत्या, त्याने त्यांचं मराठी केलं होतं, आणि करताना काही गाळल्या होत्या, कारण माणसं उभ्याउभ्या कंटाळत, साहेब घड्याळ बघत. सातवी सूचना होती, साइटवरचं पाणी पिऊ नये. ही त्याने पहिल्याच दिवशी गाळली. साइटवर पाणी होतंच कुठे? ऐन ऑक्टोबरातल्या तापलेल्या माळावर पाणी पिऊ नका असं सांगितलं असतं तर माणसं हसली असती. खाली अंगठा दिलेल्या बारांपैकी एकालाही माहीत नव्हतं की आपण सातव्या सूचनेवरही अंगठा दिलाय. काकाचा अंगठा मोठा होता, चौकटीच्या बाहेर जायचा, आणि नखाला दगड फोडायच्या सुतकीचा जुना घाव. तो आकार देविदासला अजून डोळे मिटून काढता आला असता.

सेनगावात बस सोडली. साखऱ्याकडे जाणारी जीप भरायला वेळ होता. ड्रायव्हर टपावर कसली तरी पोती बांधत होता आणि पोत्यांतून पांढरी भुकटी गळत होती. देविदासने श्वास रोखला. पीठ होतं. साधं ज्वारीचं पीठ, कोणाच्या तरी लग्नाचं. त्याने श्वास सोडला आणि तरीही तो वास आलाच, पिठाचा नव्हे, जुना, कुबट, बंद पेटीतल्या ओल्या पोत्यासारखा. हा वास त्याच्या नाकात राहायला आलेला भाडेकरू होता. घरी पाणी गाळायचं यंत्र बसवलं होतं, दर सहा महिन्यांनी कांडी बदलायची, शिला म्हणायची पावडर काय वेडी आहे का पाइपातून यायला, आणि तो म्हणायचा, पावडर कोण म्हणालं? ती म्हणायची, तुम्हीच, झोपेत.

बुधवारी बोरगाडी आली. मातीचं काम संपलं होतं. आता जमिनीखालच्या पाण्यात काय उतरलंय ते बघायला बोर पाडायचं, त्यात पाइप टाकायचा, वर झाकण आणि कुलूप. साडेअकराला खालून राखेसारखी धूळ येता येता एकदम चिखल आला, मग पाणी. फवारा माणसाच्या डोक्याइतका उडाला. आणि तांड्याची बारा माणसं, ज्यांनी दहा दिवस हे काम मुकाट्याने केलं होतं, एकदम ओरडली, "पानी लागलं!" जमिनीतून पाणी आलं की त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. हे पाणी पिण्यासाठी नाही, हे पाणी तपासण्यासाठी आहे, असं पाणी असू शकतं हे त्यांच्या सात पिढ्यांनी ऐकलेलं नव्हतं. कोणीतरी खिशातून गुळाचा खडा काढला, कोणी गोदामाच्या पायरीवर नारळ फोडला. नारळ आणून ठेवला होता म्हणजे त्यांच्या मनात पहिल्यापासून ही विहीरच होती. साहेब कॅमेरा काढत म्हणाले, "वा, लोककला!" तांड्याची रीत अशी की पहिली ओंजळ काळीला, म्हणजे जमिनीला. दुसरी त्याला, ज्याच्यामुळे त्या जागी पाणी आलं. तिसरी खणणाऱ्याला. दुसरी ओंजळ परत गेली तर पाणी रुसतं, वर्षाच्या आत बुडी मारतं. काकाने तपेल्यात पाणी धरलं, पहिली ओंजळ मातीत सोडली, आणि दुसरीसाठी सगळ्यांकडे न बघता सरळ देविदासकडे वळला. "ये," म्हणाला. "आपल्या तांड्याचा पोरगा. यानं आनलं."

देविदासने हातमोजे काढले. ओंजळ केली. काकाने पाणी ओतलं आणि ते पाणी चेहऱ्यापाशी आणताना वास आला. पोत्याचा, कुबट. रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळालेल्या नाकाला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती. त्या क्षणी आपण काही ठरवलं नाही, असं तो पुढे स्वतःला सांगत आला; आणि ते खरंही असेल, कारण बोटांनीच ठरवलं. ती एवढीशी उघडली, पाणी मनगटांवरून, कोपरांवरून खाली गेलं, आणि त्याने रिकामे हात ओठांना लावून, मान मागे टाकून, गिळल्यासारखं केलं. गळ्याची घाटीसुद्धा हलवली. सगळे आनंदाने ओरडले. काका त्याच्याकडे बघत होता. मग काकाने स्वतःसाठी ओंजळ भरली आणि तो प्याला. चवीने, जिभेवर घोळवून. त्याच्या कपाळाला एक आठी पडली, चव ओळखताना पडायची तशी, आणि या दगडाचं नाव त्याला सापडेना असं दिसलं. मग, देविदासवरची नजर न काढता, त्याने आणखी एक ओंजळ भरली आणि तीही प्याला. शेवटच्या थेंबापर्यंत. देविदासच्या मनात आलं, म्हाताऱ्याला तहान तरी किती. काका, नका पिऊ. एवढे तीन शब्द होते. पहिल्या ओंजळीच्या आधी ते म्हणायला वेळ होता. दोन ओंजळींच्या मध्ये तर भरपूर वेळ होता, शेजारी साहेब कॅमेऱ्याची पट्टी सोडवत होते एवढा वेळ होता. आदल्याच दिवशी साहेब म्हणाले होते, "लोकांना घाबरवायचं नसतं, आडे. रिझल्ट आल्याशिवाय आपण बोलायचं नाही, आणि रिझल्ट आल्यावर बोलणं आपलं काम नाही." कायम करण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी पडून होता. अळीमिळी गुपचिळी. मग बाकीच्यांनी हात पुढे केले तेव्हा मात्र देविदास एकदम ओरडला की पुरे, नमुना घ्यायचाय, पाणी सांडू नका, कायद्याने हे पाणी जमिनीवर ओतायचंही नसतं, पिंपात भरायचं असतं. हे खरं होतं. हीही एक सूचना होती, नववी. अकराजण असे वाचले आणि त्यांना वाटलं, पोरगं साहेबासमोर साहेबासारखं वागलं.

त्यानंतर तो तांड्यावर फारसा गेला नाही. मार्चमध्ये रिझल्ट आला, मर्यादेच्या चाळीसपट. तो कागद वर गेला, वरून आणखी वर गेला, आणि वरच राहिला. बोरला कुलूप आहे ना, देविदास स्वतःला म्हणायचा. किल्ली कंपनीच्या खिळ्याला आहे. दोन ओंजळींनी काही होत नसतं. विषाचंही प्रमाण असतं, ते पुस्तकात आहे. तो प्रेमदासच्या लग्नाला गेला नाही, साइट चालू होती. दिवाळीला गेला नाही, शिलाला बरं नव्हतं. आणि हळूहळू न जाणं हीच एक रीत झाली.

जीपने फाट्यावर सोडलं तेव्हा चार वाजले होते. तांडा तसाच, लिंबाखाली शेरडं, सेवालाल महाराजांच्या देवळावर नवा पांढरा झेंडा. नीलाबाई, काकाची बायको, दारातच होती. तिने त्याला ओळखायला एक क्षण घेतला, मग त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "आला बगा तुमचा साहेब," ती आत काकाला म्हणाली, आणि त्याला सांगितलं, "प्रेमदास सेनगावाला गेलाय, येईल आता." छपरीत खाटेवर काका होता. देविदासने बघितलं आणि त्याची नजर आधी हातांवर गेली, कारण बाकीच्या माणसात बघण्यासारखं फार उरलं नव्हतं. अंगावर जागोजागी निळेकाळे डाग, हिरड्या पांढऱ्या, आणि हात तेवढे पूर्वीचे, मोठे, चौकटीबाहेर जाणारे. तो पायांना हात लावून खाटेच्या पायथ्याशी बसला.

"बस आली का बराबर?" काकाने विचारलं. मराठीत.

"आली, काका. तुमी कसे हाव?"

"मी कसा असनार. पन्नास हात खाली उतरल्यावानी वाटून राहिलं. वरचा उजेड लहान दिसतो." तो हसला, मग दम घेतला. नीलाबाई चुलीकडे गेली होती. काकाने तिकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवला. "ते डाक्तराचं मागून बघू. पैलं मला एक इचारायचंय. लई दिस झाले. आता इचारलं न्हाई तर राहून जाईल."

"इचारा."

"त्या दिसी, बोरला पानी लागलं तवा, तू पेला न्हाईस."

बॅगेचा पट्टा देविदासने आणखी जवळ ओढला.

"म्या पाहिलं ना," काका म्हणाला. "बोटं ढिली केलीस तू. समदं खाली सोडलंस. तीस हिरी खनल्या, पानी कुठं चाललंय हे मला दिसनार न्हाई व्हय? कोनाला बोललो न्हाई मी. हिलाबी न्हाई. मनात म्हनलं, पोरगं मोठं झालं, साहेबांत बसाया लागलं. आपली बोली इसरला, आता आपल्या हातचं पानीबी त्याला चालत न्हाई. माज आला म्हनलं. येतो. शिकल्यावर थोडा येतोच." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "वंगाळ वाटलं मला, खोटं काहून बोलू. खांद्यावर नेलेलं लेकरू. पन दुसरी ओंजळ परत गेली तर पानी रुसतं, तुला ठावं हाय. म्हनून तुझ्या वाटनीची मीच पेलो. कुनाला कळायच्या आत."

म्हणजे ती तहान नव्हती. साडेपाच वर्षं देविदास त्या दुसऱ्या ओंजळीकडे म्हाताऱ्याची तहान म्हणून बघत आला होता आणि ती ओंजळ त्याची होती, नावानिशी त्याची. आणि त्याच वेळी, याची लाज त्याला पुढे कायम राहिली, त्याच्या आत काहीतरी सुटल्यासारखं हलकं झालं. माज! केवढं सोपं, केवढं घरगुती पाप. यासाठी माणसाला रागावतात, कान धरतात आणि मग जेवू घालतात. सुंठीवाचून खोकला जात होता. कागदसुद्धा मग असा देता येईल की आत्ताच आला, ऑफिसातून मागवून घेतला.

"व्हय काका," तो म्हणाला. "माज आला व्हता. चुकलो मी."

काकाचे डोळे भरून आले. त्याने तो मोठा हात देविदासच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहिला, वजन असल्यासारखा. "झालं तर," तो म्हणाला. "संपलं. मी म्हनलंच, येनार पोरगं. ए, पानी दे त्याला. ओंजळीनं पिऊ दे, गिलास नको."

नीलाबाईने तांब्या आणला. कुठलं पाणी आहे हे विचारण्याची त्याला रोजच्या धंद्याची सवय होती. कुठेही गेला तरी तो आधी विचारायचा. पण इथे, आत्ता, हे विचारणं म्हणजे पुन्हा बोटं ढिली करणं. त्याने हात पुढे केले. पाणी पडलं आणि ओंजळ अशी जुळली की एक थेंब गळला नाही. हिंगोलीच्या चाचाने बघायला हवं होतं. तो प्याला, पहिल्या घोटाला नुसता गारवा लागला, आणि दुसऱ्या घोटाबरोबर नाकात तो वास चढला. पोत्याचा, कुबट. भाडेकरूचा नव्हे, मालकाचा. तरी ओंजळ संपेपर्यंत त्याने गिळलं, काका बघत होता म्हणून.

"गोड हाय ना?" नीलाबाई म्हणाली. "तुझ्याच बोरचं. तुमचे लोक गेल्यावर दोन साल तसंच पडून व्हतं, मंग काकानंच कुलूप काढलं. लांबडी बादली बनवली टिनाची, नळीत बराबर जाते. उनाळ्यात गावची हीर आटली का समदा तांडा येतो. ह्ये तर रोज त्येच पेतेत, दुसरं चालत न्हाई. नांदेडला दवाखान्यात बी कॅन भरून नेली व्हती आमी, म्हनलं आपल्या पान्यानं गुन येईल." बोलता बोलता तिने खाटेवर वाकून काकाच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या त्याच्या ओठांना लावायला उचलला.

"काकी, नको," देविदास म्हणाला.

"काहून?"

"नको देऊ. ओतू नको." शब्द तोंडातून गोरमाटीत आले होते. त्याने पुढे होऊन तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने बॅगेतून पाकीट काढलं आणि ते काकाच्या छातीवर ठेवलं, जणू काका वाचणार होता. "डॉक्टरला हे द्या. गोदामाची पुरलेली पावडर या पाण्यात उतरली आहे. कोणालाच देऊ नका हे. आजपासून तांड्यात कोणालाच नाही."

बाहेर शेरडू ओरडत होतं. काकाने पाकीट उघडलं नाही, नुसता अंगठा त्याच्यावर फिरवला. "हे आज कळलं तुला?" त्याने विचारलं. तोही आता गोरमाटीत बोलत होता. देविदासला 'हो' म्हणता आलं असतं. प्रेमदास तारीख वाचेपर्यंत ते टिकलंही असतं.

"वास त्याच दिवशी आला होता," तो म्हणाला. "ओंजळ तोंडाशी आणली तेव्हाच. हा कागद पुढच्या मार्चमध्ये आला."

काकाच्या कपाळाला ती आठी पडली, चव ओळखतानाची. या वेळी त्याला नाव सापडलं असं दिसलं. "म्हणजे तू माजाने नाही सांडलंस."

"नाही."

"आणि मी पीत होतो तेव्हा बघत होतास."

"हो."

काकाने मान भिंतीकडे वळवली. "माज होता तेच बरं होतं रे," तो म्हणाला. "साडेपाच वर्षांत तो मी पचवला होता."

नीलाबाई तांब्या धरून खाटेपाशी तशीच उभी होती, आणि ते पाणी आता कुठे ओतायचं हे तिला कळत नव्हतं.